एकांतातला दांडगा माणूस आणि एक मूल : थरारकथा कोणत्या क्रमाने लिहावी

इंदूरच्या आमच्या लहानशा लेखनमंडळात आलेली हस्तलिखिते वाचून परत करण्याचे काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे, आणि त्यांत एक कथा वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली पुन्हा पुन्हा येते : जगापासून तुटून राहणारा एक कणखर माणूस, त्याच्या दारी अवचित आलेले एक मूल, मागे लागलेली माणसे, आणि शेवटच्या पानावर फाटक्या शर्टाने मुलाचा हात धरून चालणारी आकृती. कल्पनेत खोट नाही. बिघडतो तो क्रम. लेखक आधी मारामारी लिहितो, मग ती मारामारी पेलेल असा नायक बेततो, मग त्याला दुःख हवे म्हणून एक मृत पत्नी आणतो, आणि सर्वांत शेवटी, उरलेल्या जागेत मूल ठेवतो. असे ठेवलेले मूल गाठोड्यासारखे वागते, म्हणजे उचलले की उचलले जाते आणि खाली ठेवले की गप्प बसते.

पुढील टप्पे याच्या उलट क्रमाने जातात, म्हणजे मूल पहिले आणि मारामारी अगदी शेवटी. दहा-बारा हजार शब्दांची दीर्घकथा डोळ्यांसमोर ठेवून ते मांडले आहेत; पटकथेलाही क्रम हाच लागतो. सबंध लेखात एकच उदाहरण वापरले आहे : पातालपाणी ते कालाकुंड या घाटातल्या मीटरगेज मार्गावर कीमन (रोज पायी रूळ तपासणारा कामगार) म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला, कालाकुंडाजवळ एकटा राहणारा त्रेसष्ट वर्षांचा माणूस, आणि पर्यटकांच्या गाडीतून काकाच्या कुटुंबाबरोबर सहलीला आलेली, पण परतीच्या गाडीत न चढलेली सात वर्षांची मुलगी.

## १. पहिला कागद मुलाचा

मुलाचे वय नेमके ठरवल्याशिवाय पुढची ओळ लिहू नये. "एक चिमुकली" असे लिहून काम भागत नाही, कारण पाच, सात आणि अकरा या तीन वयांत तीन निरनिराळ्या कथा आहेत. पाच वर्षांच्या मुलाला बहुतेक वाट उचलून न्यावे लागते आणि त्याला खोटे बोलायला शिकवता येत नाही. अकरा वर्षांचे मूल स्वतःचे मत मांडते आणि प्रसंगी नायकाला सोडूनही जाते. सात वर्षांचे मूल अर्धी वाट चालते, उरलेली वाट रडते, आणि सांगितलेले खोटे नेमक्या चुकीच्या माणसाजवळ बोलते. सात वर्षांच्या मुलीचे वजन साधारण २० ते २२ किलो असते. पाण्याने भरलेला २० लिटरचा जार एकदा खांद्यावर घेऊन तीन मजले चढून पाहावे आणि मगच "तिला अलगद उचलून तो धावत सुटला" हे वाक्य ठेवायचे की नाही ते ठरवावे.

या कागदावर पुढील गोष्टी लिहाव्यात : तिने शेवटचे काय खाल्ले आणि कधी; पायांत काय आहे (सहलीला आलेली मुलगी बुटांत नसते, पट्टीच्या नव्या सँडलमध्ये असते, आणि नवी सँडल पहिल्या तासातच टाच सोलते); तिला लघवीला जायचे आहे हे ती कोणाला सांगू शकते; अंधारापेक्षा तिला कशाची अधिक भीती वाटते; कोणाचा फोन नंबर तिला तोंडपाठ आहे. त्याखाली दोन ओळी वेगळ्या ठेवाव्यात. पहिलीत, तिला जमते आणि त्या माणसाला जमत नाही अशी एक गोष्ट. दुसरीत, तिची एक अवज्ञा, म्हणजे "इथून हलू नकोस" असे सांगितल्यावर ती का हलते याचे तिच्या दृष्टीने अगदी योग्य असलेले कारण.

दम्याचा पंप आणि इन्शुलिन यांना मात्र आता विश्रांती द्यावी. मुलाच्या आजाराने ताण वाढवण्याची युक्ती इतक्या वेळा वापरली गेली आहे की पंप दिसताच वाचक तो हरवण्याची वाट पाहू लागतो. सोललेली टाच पुरते.

तपासणी : मुलीच्या जागी पैशांची बॅग ठेवून कथेचा आराखडा वाचावा. बॅगेनेही कथा तशीच पुढे जात असेल, तर हा कागद पुन्हा लिहावा.

## २. माणसाचा दांडगेपणा त्याच्या कामातून काढा

इंदूरपासून महू विसेक किलोमीटरवर असल्यामुळे आणि तिथे इन्फन्ट्री स्कूलसारख्या लष्करी संस्था असल्यामुळे, आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या हस्तलिखितातला नायक निवृत्त कमांडो असतो. त्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे तो सगळ्यांना हरवणार हे पहिल्याच पानावर कळते. दुसरी अधिक व्यावहारिक आहे : निवृत्त सैनिकाला पेन्शन असते, कँटीन असते, पलटणीतले मित्र असतात, आणि संकटात त्याने एक फोन केला तर चार माणसे धावून येतात. अशा माणसाला एकटे पाडण्यासाठी लेखकाला फार खोटे रचावे लागते.

म्हणून आधी धंदा निवडावा आणि त्या धंद्याने शरीराचे काय केले आहे ते पाहावे. कीमनचे काम म्हणजे हातोडा आणि पाना घेऊन आपल्या हद्दीतला रूळमार्ग रोज पायी तपासणे आणि सैल झालेल्या चाव्या ठोकून बसवणे. तीस वर्षे हे केलेल्या माणसाला खडीवर अंधारात चालता येते, कोणत्या वळणावर पाणी झिरपते ते ठाऊक असते, हातोडा किती वजनाने आणि कुठे पडेल याचा अंदाज मनगटातच असतो. पण त्याचबरोबर त्याचा गुडघा गेलेला असतो, ऐकू कमी येते, आणि धावणे त्याला जमत नाही. ही वजाबाकी लिहून ठेवावी, कारण कथेतली प्रत्येक महत्त्वाची अडचण तिच्यातूनच येणार आहे.

एकांत विशेषणांनी दाखवू नये. "तो अबोल, गूढ होता" या वाक्याने काहीच दिसत नाही. घरात किती वस्तू आहेत ते मोजावे : एक ताट, एक वाटी, एकच चादर. मुलगी आल्यावर ती पातेल्याच्या झाकणावर भाकरी घेते, एवढ्याने पाहुण्याची सवय मोडलेले घर उभे राहते. एकांताचे कारणही लहान चालते. सोबतचे लोक बदली होऊन किंवा निवृत्त होऊन शहरात गेले, रामबागेतल्या वडिलोपार्जित खोलीवरून भावाशी बोलणे तुटले, आणि हा तिथेच राहून गेला.

सावधान : "त्यालाही एक मुलगी होती" हे वाक्य मनात येताच थांबावे. जिवंत मूल जर मेलेल्या मुलाची जागा भरण्यापुरते आले, तर वाचकाला दोघांपैकी कोणीच धड दिसत नाही.

## ३. दाराचा प्रसंग, आणि "पोलिसांकडे का जात नाही?"

हा टप्पा सर्वांत अधिक चुकतो, म्हणून त्यावर सर्वांत अधिक वेळ द्यावा. मूल नायकाकडे का राहते, या प्रश्नाचे दोन भाग आहेत : तो त्याला का ठेवून घेतो, आणि पुढे तो त्याला योग्य ठिकाणी का सोपवत नाही. पहिल्या भागासाठी एक लहानसा, परत न घेता येणारा क्षण हवा. उदाहरणात तो असा आहे : गाडी निघून गेल्यावर काका दारात येऊन विचारतो, "इकडे एक मुलगी आली होती का?" मुलगी आत माठामागे बसलेली आहे, तिच्या दंडावरचे जुने-नवे वळ या माणसाने नुकतेच पाहिले आहेत, आणि तो म्हणतो, "नाही." त्या एका शब्दानंतर तो केवळ साक्षीदार राहत नाही.

दुसऱ्या भागासाठी बहुतेक लेखक "सगळे पोलीस विकले गेले होते" हे उत्तर वापरतात. ते आळशी उत्तर आहे आणि त्याने कथा पातळ होते. पोलीस प्रामाणिक ठेवावेत आणि कायदा जसा आहे तसा वापरावा, म्हणजे कोंडी आपोआप घट्ट होते. त्यासाठी पुढील गोष्टी ठाऊक असाव्यात.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १३७ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून, पालकाच्या संमतीविना नेणे हे अपहरण ठरते, मूल स्वखुशीने आले असले तरीही. शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ रीतसर सोपवलेला आहे असा माणूसही इथे पालकात मोडतो. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवून तपास करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलेले आहे. म्हणजे काकाने ठाण्यात जाऊन तक्रार दिली की टीआय साहेबांनी (ठाण्याच्या प्रमुखांनी) या माणसाला शोधणे हे त्यांचे कर्तव्यच ठरते. पोलीस वाईट असण्याची गरजच उरत नाही.

दुसऱ्या बाजूला, बाल न्याय अधिनियम, २०१५ या माणसाला एक वाटही देतो. ज्याच्याकडे मूल राहते त्यानेच त्याला मारहाण केली असेल, तर ते मूल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल ठरते, आणि कोणीही सामान्य नागरिक त्याला बालकल्याण समितीसमोर हजर करू शकतो. मात्र प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत. समितीची बैठक चालू नसेल तर तिच्या एखाद्या सदस्यासमोरही हजर करता येते, त्यामुळे "रविवार होता, कार्यालय बंद होते" ही सबब चालत नाही. उलट तिच्यातून कथेचे ध्येय मिळते : शनिवारी दुपारी कालाकुंडात "नाही" म्हणालेल्या माणसाने मुलीला इंदुरात समितीच्या सदस्याच्या घरापर्यंत न्यायचे आहे. पोहोचला तर तो जबाबदार नागरिक, वाटेत सापडला तर अपहरणकर्ता.

१०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचे काय, असे वाचक विचारणारच. फोन नाही, नेटवर्क नाही, बॅटरी संपली, या तिन्ही सबबी झिजलेल्या आहेत. माणसाला फोन करू द्यावा. स्टेशनजवळच्या दुकानातून करू द्यावा. उत्तर योग्य तेच मिळते, "आहात तिथेच थांबा, माणसे येत आहेत", आणि नेमके तिथे थांबणेच शक्य नसते, कारण काकाची जीप रस्त्याच्या टोकाला दिसू लागलेली असते. योग्य सल्ला पाळता न येणे हे सल्लाच न मिळण्यापेक्षा कितीतरी अधिक अस्वस्थ करते.

तपासणी : "तो पोलिसांकडे का गेला नाही?" याचे उत्तर दोन वाक्यांत, पोलिसांना दोष न देता लिहिता आले पाहिजे. येत नसेल तर पुढचा टप्पा सुरू करू नये.

## ४. मागे लागलेल्यांना मूल कशासाठी हवे आहे

तस्करांची टोळी, परदेशी खरेदीदार, पेन ड्राइव्ह, यांच्यापेक्षा घरातला व्यवहार अधिक भीतिदायक असतो, आणि इंदूरच्या वाढत्या हद्दीवरच्या जमिनींमुळे तो इथल्या वाचकाला लगेच कळतो. मुलीचे आईवडील हयात नाहीत. बायपासजवळच्या जमिनीत तिचा हिस्सा आहे. काकाला ती जमीन विकायची आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार नैसर्गिक पालकालाही अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीविना विकता येत नाही, आणि काका तर नैसर्गिक पालकही नाही; त्याला न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक हवी. नेमणूक करताना न्यायालय जाणत्या मुलाचे म्हणणे विचारात घेऊ शकते. म्हणून काकाला मुलगी जिवंत, ताब्यात आणि घाबरलेली हवी आहे. या एका कारणाने पाठलागाचे नियम ठरतात : तिच्यावर कोणी गोळी झाडणार नाही, पण तिच्याजवळच्या माणसावर झाडू शकेल.

काकाबरोबर दोन माणसे पुरेत. त्यांतल्या एकाला तरी हे काम आवडत नसावे.

## ५. नकाशा, पंचांग आणि वेळापत्रक

आता प्रथमच ठिकाणाकडे वळावे, आणि शक्य असल्यास ती वाट दिवसा, सोबत घेऊन पाहून यावी. वाहत्या मार्गावर रुळांवरून चालणे धोक्याचे आणि बेकायदा असते, म्हणून पाहणी गाडीच्या खिडकीतून करावी. पातालपाणी ते कालाकुंड ही पर्यटकांची गाडी डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. मार्ग सुमारे दहा किलोमीटरचा, चार बोगद्यांचा आणि कितीतरी पुलांचा आहे. ती बारमाही नसते, त्यामुळे कथेतला महिना ठरवण्यापूर्वी चालू वेळापत्रक पाहावे.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. "घाट उतरून ते इंदूरकडे निघाले" असे लिहिले जाते. कालाकुंड खाली, चोरल नदीच्या खोऱ्यात आहे. पातालपाणी, महू आणि इंदूर वर, माळव्याच्या पठारावर आहेत. या कथेतली सुटका चढणीची आहे. गुडघा गेलेला माणूस आणि टाच सोललेली मुलगी यांना दहा किलोमीटर चढायचे आहेत, आणि हे कळताच वेग, थांबे, संवाद, सगळे बदलते.

वेगाचा हिशेब कागदावर करावा. मोकळ्या रस्त्यावर मोठा माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो. रात्री खडीवर, मुलासह, चढणीला दोन धरावेत. संध्याकाळी सातला निघाले तर मध्यरात्रीच्या सुमारास पातालपाणी. रुळांखालच्या स्लीपरमधले अंतर मुलाच्या पावलाशी जुळत नाही. तिला एक तर प्रत्येक स्लीपरवर उडी घ्यावी लागते, नाही तर मधल्या खडीत पाय रुतवावा लागतो. हा तपशील रूळ पायांखाली घालून पाहिलेल्या माणसालाच सुचतो, आणि तो दोन पाने भीतीचे वर्णन वाचवतो.

पंचांग उघडल्याशिवाय चंद्र आणू नये. मराठी वाचक संकष्टीचा उपास करतो. चतुर्थीला चंद्र किती उशिरा उगवतो हे त्याला भुकेने ठाऊक असते, आणि संकष्टीच्या संध्याकाळी सातला चांदणे पाडले की तो पुस्तक मिटतो. तसेच पातालपाण्याचा कोसळता धबधबा आणि राजवाड्यासमोरची गेर (रंगपंचमीची मिरवणूक) ही दोन्ही दृश्ये एकाच कथेत हवी असतील, तर एकाला मुकावे लागेल, कारण धबधबा पावसाळ्यात भरतो आणि गेर फाल्गुन वद्य पंचमीला निघते. उदाहरणासाठी मी अनंत चतुर्दशी निवडतो, आणि ती शनिवारी आली आहे असे धरतो. भाद्रपदात घाट ओला असतो, धबधबा वाहत असतो, चंद्र जवळजवळ पूर्ण असल्याने ढग सरकले की सगळा रूळमार्ग उजळतो आणि खरा अंधार फक्त बोगद्यांतच उरतो. शिवाय त्याच रात्री इंदुरात गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या गिरण्या बंद पडूनही ती मिरवणूक चालत आली आहे. रात्रभर रस्ते भरलेले आणि वाहनांना बंद असतात, खांद्यावर मूल घेतलेली माणसे शेकड्यांनी दिसतात. रात्री दोन वाजता सात वर्षांच्या मुलीला घेऊन रस्त्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे कोणीही वळून पाहणार नाही, अशी ही वर्षातली दुर्मीळ रात्र आहे.

महू ते इंदूर हा पट्टा झटपट उरकावा. पातालपाण्याहून दुधाची गाडी किंवा टेम्पो, महूहून पुढे राऊ, राजेंद्रनगर. एक परिच्छेद पुष्कळ झाला.

तपासणी : प्रत्येक प्रसंगाच्या डोक्यावर समासात वेळ, ठिकाण आणि मुलगी किती तास जागी आहे, हे तीन आकडे लिहावेत. तिसरा आकडा बारा ओलांडत असेल तर तिने चिडचिड केली पाहिजे, आणि सोळा ओलांडत असेल तर ती उभ्या-उभ्या झोपली पाहिजे.

## ६. प्रसंगांचा क्रम मुलाच्या गरजांनी लावा

नकाशा झाल्यावर लेखक शत्रूच्या हालचालींनी प्रसंग लावू लागतो : ते आले, हे पळाले, ते पुन्हा आले. त्याऐवजी प्रत्येक वळण मुलीच्या एखाद्या साध्या गरजेने आणावे आणि शत्रूने त्या गरजेचा फायदा घ्यावा. तिला भूक लागते, म्हणून माणूस स्टेशनवर पळसाच्या पानात मिळणारा कलाकंद आणायला जातो. एरवी कधीही गोड न घेणाऱ्या माणसाने कलाकंद घेतला, हे विक्रेत्याच्या लक्षात राहते, आणि काकाने विचारल्यावर तो कोणताही वाईट हेतू नसताना ते सांगून टाकतो. तिला लघवीला जायचे असते, म्हणून ती बोगद्याच्या तोंडाशी थांबते, आणि त्या थांबण्यामुळेच खालून येणारा टॉर्चचा उजेड आधी दिसतो. सँडल तुटते, म्हणून तो हातोड्याला गुंडाळलेले फडके सोडून तिच्या पायाला बांधतो, आणि पुढे हातोडा उघडाच रुळाला लागून वाजतो.

तिच्या अवज्ञेची जागा साधारण मध्यावर असावी, आणि तिच्या कौशल्याची जागा शेवटाकडे. माझ्या आराखड्यात तिला आत्याचा नंबर पाठ आहे, पण एक आकडा ती नेहमी गाळते. तो गाळलेला आकडा शोधण्याचा प्रसंग हाणामारीच्या कोणत्याही प्रसंगापेक्षा चांगला उतरला आहे असे मला वाटते, अर्थात आपलेच लिखाण आपल्याला आवडणे हाही या कामातला एक धोका आहे.

सावधान : मुलीला झोपवून मोठ्यांचे संवाद उरकण्याची पळवाट एकदाच वापरता येते. दुसऱ्यांदा ती झोपली की वाचकाला लेखकाचा हात दिसतो.

## ७. मारामारी : सर्वांत शेवटी, आणि जेमतेम तीनदा

आता मारामारी लिहायला हरकत नाही. सबंध कथेत तीन चकमकी पुरतात, आणि त्यांतली पहिली नायकाने हरावी किंवा टाळावी. लिहिताना शरीराचे काही साधे नियम पाळावेत.

पूर्ण ताकदीने झटापट केली तर तरुण माणूसही मिनिटभरात धापा टाकू लागतो. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला तेवढाही अवकाश नसतो. नुसत्या मुठीने डोक्यावर मारले तर अनेकदा मारणाऱ्याच्याच हाताचे हाड मोडते. डोक्यात फटका घालून माणसाला तासभर "शांत झोपवता" येत नाही; काही मिनिटांहून अधिक काळ बेशुद्ध राहिलेल्या माणसाच्या मेंदूला गंभीर इजा झालेली असू शकते, आणि कथेतल्या कोणी तरी त्याची दखल घेतली पाहिजे. बोगद्यात कट्टा (गावठी पिस्तूल) उडाला तर पुढचा बराच वेळ कोणालाच नीट ऐकू येणार नाही. म्हणजे गोळीनंतर कुजबुजीत होणारा तुमचा सुंदर संवाद काढावा लागेल, किंवा तो हातांच्या खुणांनी लिहावा लागेल. मला दुसरा पर्याय अधिक आवडतो.

स्वसंरक्षणाचा कायदाही इथे उपयोगी पडतो. न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो आहे : दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचाही अधिकार मिळतो, पण गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि सरकारी यंत्रणेची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा अधिकारच मिळत नाही. म्हणून खाली पडलेल्या माणसावर घातलेला हातोड्याचा घाव हा पराक्रम नसून खून आहे. कथेत तो घालायचाच असेल तर त्याचे परिणाम पुढच्या पानांवर आले पाहिजेत, आणि तो मुलीने पाहिला की नाही हे आधी ठरले पाहिजे.

हाच खरा प्रश्न आहे. प्रत्येक चकमक लिहिण्यापूर्वी मुलगी कुठे उभी आहे आणि तिला काय दिसते हे एका ओळीत लिहावे, आणि शक्य तिथे चकमक तिच्या उंचीवरून लिहावी. तिला ठोसे दिसत नाहीत. पाय, खडी, उडालेली चप्पल आणि ओळखीच्या आवाजातली अनोळखी शिवी एवढेच तिला कळते. रेल्वेच्या बोगद्यांत गाडी आल्यास कामगारांना उभे राहता यावे म्हणून भिंतीत सहसा कोनाडे ठेवलेले असतात. माझ्या उदाहरणातली दुसरी चकमक अशा एका कोनाड्यात घडते, आणि तिच्यात कोणी कोणाला मारत नाही : टॉर्च घेतलेला माणूस दोन हातांवरून जातो, थांबतो, विडी पेटवतो, आणि पुढे जातो. मुलीचे तोंड दाबून धरू नये; ती आपण होऊन श्वास रोखते, हे तिच्या पहिल्या कागदावरून आलेले असावे.

तपासणी : प्रत्येक चकमकीनंतर माणसाचे काय कमी झाले ते लिहावे. काहीच कमी झाले नसेल तर ती चकमक गाळावी.

## ८. कोण कोणाला काय म्हणते

इंदूरची मराठी मुलगी घरात मराठी आणि शाळेत हिंदी बोलते, आणि अनोळखी पुरुषाला सहज "अंकल" म्हणते. या कथेत "काका" हा शब्द खलपात्राने अडवलेला आहे, हे विसरून अनेक जण नायकालाही काका करून टाकतात; मग "काका आले" या वाक्याने कोण आले ते कळत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्या शब्दाला ती दचकते तोच शब्द ती मायेने वापरू लागते. तिने बराच वेळ त्याला काहीच म्हणू नये, "अहो" एवढेच पुरे. काकाने तिला पोलिसांपुढे हिंदीत "बेटा" म्हणावे आणि पोलिसांची पाठ वळताच "ए कार्टे". त्याच्या स्वभावावर वेगळा परिच्छेद लागत नाही.

टीआय साहेब, कलाकंदवाला, टेम्पोवाला हे हिंदीत बोलतील. त्यांची एखाद-दुसरी ओळ हिंदीत ठेवून बाकीचे निवेदनात सांगावे, कारण पानभर हिंदी संवाद आणि पानभर कृत्रिम मराठी संवाद दोन्ही खटकतात. माणसाने तिला धीर देणारी लांब वाक्ये बोलू नयेत. वर्षानुवर्षे एकटा राहिलेला माणूस सूचना देतो. "पाय उचल. इथे ओलं आहे. आता बस."

## ९. सोपवण्याचा प्रसंग

शेवट करताना मुलीला त्याच्याजवळच ठेवून देण्याचा मोह होतो. कायद्याने ते तसे होत नाही. समिती चौकशी करील, आत्याला बोलावील, तोवर मुलगी बालगृहात किंवा योग्य व्यक्तीकडे राहील. शिवाय तो सगळा रस्ता तिला सोपवण्यासाठीच चालला आहे. म्हणून शेवटचा मोठा प्रसंग सदस्याच्या दारातला असावा, आणि त्यात कागदपत्रे, नाव, पत्ता, "तुमचे हिच्याशी नाते काय?" हा रकाना, एवढेच असावे. पोलीसही तिथे आलेले असावेत आणि त्यांनी त्याला चौकशीसाठी नेणे स्वाभाविक ठरावे. बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे, तेव्हा वर्तमानपत्रात दोघांचा फोटो छापून आणणारा उपसंहार सरळ काढून टाकावा.

## १०. फेरवाचन

पहिला खर्डा झाल्यावर आठ दिवस ठेवून द्यावा आणि मग तीनदा, तीन वेगळ्या कामांसाठी वाचावा. पहिल्या वाचनात फक्त घड्याळ, चंद्र आणि चढ-उतार तपासावेत. दुसऱ्यात माणसाची इजा पाहावी : डावा हात चौथ्या प्रकरणात मोडला असेल तर सातव्यात त्याच हाताने मुलीला उचललेले चालत नाही, आणि ही चूक माझ्यासकट सगळे करतात. तिसऱ्या वाचनात केवळ मुलीची वाक्ये वेगळ्या कागदावर उतरवून घरातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावीत, जिथे ते मूल अडखळेल किंवा "असं कोण बोलतं?" असे विचारील, तिथे खूण करून ते वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे.